ढालाइताची फळी

पहिली इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालेल्या मुलापुढे दुकानदार जी काढून ठेवतो ती बहुधा स्क्वायर असते. खुंट्यांच्या फळीवर ठळक अक्षरांत 'स्क्वायर', त्याखाली बारीक 'बाय फेंडर', आणि कितीतरी वर्षे मॉडेलचे नाव 'बुलेट'. नाव रोजच्या बोलण्यातले झाले की त्याच्या पोटात काय आहे हे सहसा कुणी पाहत नाही. इथे मात्र तिन्ही शब्द जुने आहेत, आणि तिघांचीही नाळ कुठे ना कुठे आपल्या शब्दांशी जुळते. शिवाय ठेवणाऱ्यांच्या मनातही नसलेला एक अर्थ या नावांत दडलेला होता आणि पुढच्या चाळीस वर्षांत तो खरा ठरत गेला, असे मला दिसते.

आधी 'स्क्वायर'. ऐकताना तो 'स्क्वेअर'चा भाऊ वाटतो, आणि काही जण तसा उच्चारही करतात. पण चौकोनवाला 'स्क्वेअर' लॅटिनमधल्या चाराच्या संख्येवरून आला. 'क्वात्तुओर' म्हणजे चार, आपले 'चत्वारः', आणि म्हणून तो आपल्या 'चौका'चा दूरचा भाऊ. 'स्क्वायर'चे घराणे निराळे. मागे गेले की जुन्या फ्रेंचमध्ये 'एस्क्युये' भेटतो, त्याच्या मागे उत्तरकालीन लॅटिनमधला 'स्कूतारिउस', आणि त्याच्या मुळाशी 'स्कूतुम' म्हणजे ढाल. स्कूतारिउस म्हणजे ढाल वाहणारा. सरदाराच्या मागून त्याची ढाल घेऊन चालणारा, त्याचे चिलखत चढवून देणारा, आणि पुढे कधीतरी स्वतः सरदार व्हावे या आशेने उमेदवारी करणारा तरुण.

फ्रेंचमध्ये सुरुवातीला हा 'ए' कुठून आला? लॅटिनमधल्या 'स्क', 'स्त' अशा जोडाक्षरांनी सुरू होणाऱ्या शब्दांपुढे फ्रेंच आणि स्पॅनिश जिभांना एक स्वर टेकू म्हणून लागत असे. आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. 'स्कूल'चे 'इस्कूल' आणि 'स्टेशन'चे 'इस्टेशन' आपणही करतो, आणि त्याच्या कितीतरी आधी प्राकृताने 'स्त्री'ची 'इत्थी' केली होती. इंग्रजीने मात्र दोन्ही रूपे ठेवून घेतली. स्वरासकट 'एस्क्वायर', स्वर गाळून 'स्क्वायर'. पुढे त्यांच्या वाटा फुटल्या. पहिले रूप नावामागे लावायची मानाची पदवी झाले. इंग्रजी अमदानीत पाकिटावर साहेबाच्या नावानंतर येणारे एस्क्वायर ते हेच. दुसरे गावच्या जमीनदाराला लागले. ढाल वाहणाऱ्या पोऱ्यापासून गावच्या जमीनदारापर्यंत! भाषाशास्त्रात याला अर्थोत्कर्ष म्हणतात. तो फार वेळा पाहायला मिळत नाही. शब्द घसरतात जास्त, चढतात कमी.

गिटारीवरच्या स्पेलिंगमध्ये शेवटी 'आय-ई-आर' अशी अक्षरे आहेत, आजच्या इंग्रजीप्रमाणे 'आय-आर-ई' नाहीत. ही चूक नव्हे, जुने रूप आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने 'कँटरबरी टेल्स'मध्ये जो तरुण स्क्वायर रंगवला, त्याचे नाव जुन्या प्रतींत असेच लिहिलेले सापडते. हा चॉसरचा स्क्वायर दिवसभर गात असतो, बासरी वाजवतो, गाणी रचतो, नाचतो. वाद्यावर छापायला याहून योग्य नाव शोधूनही मिळाले नसते, आणि तरी ते कुणी शोधलेले नाही, हे पुढे येईलच.

ढालीचे मूळ आणखी खणावेसे वाटते. 'स्कूतुम'चे भाऊबंद आयरिश आणि स्लाव भाषांत ढालीच्याच अर्थाने आहेत, आणि या सर्वांमागे 'कापणे, चिरणे' या अर्थाचा एखादा धातू असावा. तसे असेल तर आपले 'छिद्', 'छेद', 'छिद्र' हे त्याच कुळातले. ढाल आणि चिरणे यांचा संबंध काय? ओंडका चिरून फळी निघते आणि आदिम ढाल ही फळीच असणार. संस्कृतात याला पक्का जोडीदार आहे. 'फलक' म्हणजे फळी आणि 'फलक' म्हणजे ढालही, आणि 'फल्' या धातूचा एक अर्थ फुटणे, दुभंगणे. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता चिरलेल्या लाकडातून ढाल काढलेली दिसते. हे इथे इतके सांगायचे कारण असे, की भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार हीसुद्धा शेवटी एक फळीच. १९५० साली फेंडरची सपाट, पोकळी नसलेली गिटार बाजारात आली तेव्हा प्रतिस्पर्ध्यांनी तिला वल्हे म्हटले, बर्फ उपसायचे फावडे म्हटले. वाजवणारे आजही तिला लाडाने फळी म्हणतात. ढाल आणि गिटार एकाच शब्दात बसवायची असती तर संस्कृत 'फलक' हाताशी होता.

'स्कूतुम'ची आणखी दोन लेकरे सांगून पुढे जातो. फ्रेंचमध्ये तो 'एक्यू' झाला आणि ढालीचे चिन्ह असलेल्या नाण्याला चिकटला. पोर्तुगीजमध्ये तोच 'एश्कुदु', आपल्या बोलण्यात एस्कुद. पोर्तुगीज अमदानीच्या अगदी शेवटी, १९५८ पासून १९६१ पर्यंत, गोव्यात 'रुपिया'ऐवजी हे चलन होते. त्या काळात पणजीत बाजार केलेल्यांनी ढालीचीच नाणी मोजली, असे म्हणायला हरकत नाही. दुसरे लेकरू जास्त मजेचे. 'एस्क्युये' जिथे राहत आणि घोडे राखत त्या जागेला फ्रेंचमध्ये 'एक्युरी' म्हणू लागले, म्हणजे घोड्यांची पागा. इंग्रजांनी तो शब्द घेतला तेव्हा त्यांना वाटले हा लॅटिन 'एक्वुस' म्हणजे अश्वावरून आला असणार, आणि त्यांनी स्पेलिंगही तसे फिरवले. 'एक्वुस' आणि 'अश्व' सख्खे भाऊ आहेत हे खरे, पण या शब्दात त्यांचा हक्क नाही. पागा ढालीवरून आली, घोड्यावरून नव्हे.

मराठीत स्क्वायरला काय म्हणावे? शब्दशः पाहिले तर 'ढालाईत'. भालाईत, पट्टाईत या मालिकेतला हा शब्द. आधी ढाल घेऊन चालणारा शिपाई, पुढे कचेरीतल्या साध्या शिपायालाही तो लागत गेला असे दिसते. म्हणजे इंग्रजीत चढला, मराठीत उतरला. अर्थाच्या दृष्टीने मात्र मला 'शिलेदार' आणि 'बारगीर' ही जोडी जास्त जवळची वाटते. 'सिलाह' ही अरबी शस्त्रे, त्याला फारसी 'दार' लागून सिलाहदार, त्याचा आपण शिलेदार केला. फारसीतला 'दार' आणि संस्कृत 'धर' एकाच 'धृ'चे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचे. बारगीर सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा. 'बार' म्हणजे भार आणि 'गीर' म्हणजे धरणारा, हाही आपल्या 'ग्रह्'चाच नातलग. शिवकालीन पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे. बारगिराने पराक्रम करावा, स्वतःचा घोडा घ्यावा आणि शिलेदार व्हावे ही वाट मोकळी होती. युरोपातल्या स्क्वायरपुढेही तीच वाट होती.

हे धंद्याचे शब्द दोन्हीकडे आडनावे झाले. इंग्रजीत स्क्वायर हे आडनाव, मराठीत शिलेदार. आपल्या शिलेदारांचे नाव संगीताशी जोडले गेले ते जयराम आणि जयमाला शिलेदारांमुळे. अमेरिकेतल्या स्क्वायरांचे नाव संगीताशी जोडले गेले ते तारांमुळे.

व्हिक्टर कॅरल स्क्वायर हा मिशिगनमधल्या बॅटल क्रीकचा. बाप जेरोम हा इंग्लंडातून आलेल्या कुटुंबातला, शेती आणि चांभारकाम करता करता व्हायोलिन घडवायला शिकलेला. मुलाने १८९० मध्ये बॅटल क्रीकला स्वतःचे दुकान घातले. हे गाव पुढे केलॉगच्या कॉर्नफ्लेक्सने जगाला माहीत झाले. त्याचे नाव पडले १८२० च्या दशकात तिथल्या ओढ्याकाठी झालेल्या एका लहानशा चकमकीवरून. ढालाइताचे आडनाव आणि लढाईचा ओढा, असा हा योग. स्क्वायरने व्हायोलिने केली, पण घर चालवले तारांनी. व्हायोलिन, बँजो, गिटार, सगळ्यांच्या तारा.

त्या काळी तारा आतड्याच्या असत. मराठीत अशा तारेला 'तांत' असा स्वतंत्र शब्द आहे आणि तो 'तंतू'वरून आला. 'तंतू', 'तंत्री', 'तान' हे सगळे 'तन्' म्हणजे ताणणे यातून. भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग आहेत, त्यांतला पहिला 'तत', म्हणजे ताणलेले. ग्रीकमध्ये याच धातूपासून 'तोनोस' झाला, आधी ताण आणि मग ताणलेल्या तारेचा स्वर, आणि त्यातून इंग्रजीत 'टोन' आणि 'ट्यून'. गिटारवाले तासन्‌तास ज्या 'टोन'बद्दल बोलतात तो आपल्या 'ताने'चा सख्खा भाऊ. फारसी 'तार'ही बहुधा 'तन्'चाच, आणि 'सेहतार' म्हणजे तीन तारांचे वाद्य, ज्याची आपण 'सतार' केली. इथे एका मोहापासून सावध राहायला हवे. 'गिटार'मध्ये हा 'तार' नाही. ग्रीक 'किथारा', त्याचे अरबी रूप, मग स्पॅनिश 'गितार्रा' अशी तिची वाट आहे आणि शेवटचा 'तार' हा योगायोग आहे. तरी मराठीने 'सतारी'चे पाहून 'गिटार'ही स्त्रीलिंगी केली असावी.

तारांच्याच वाटेने स्क्वायर फेंडरपर्यंत पोचला. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा लिओ फेंडर आपल्या गिटारींवर स्क्वायरच्या तारा चढवू लागला, आणि १९६५ मध्ये फेंडरने ती कंपनीच घेतली. त्याच वर्षी फेंडरला सीबीएस या नभोवाणी-दूरचित्रवाणीच्या कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतले. छोटा मासा मोठ्याच्या पोटात, मोठा आणखी मोठ्याच्या. दहा वर्षांत तारांवरून स्क्वायर हे नाव नाहीसे झाले.

आता 'फेंडर'. हे आडनाव 'डिफेंडर'चे आद्याक्षर गळून झाले असावे. म्हणजे रक्षक. रक्षकाच्या घरी ढालाईत यावा हा योगायोग तिथेच थांबत नाही, कारण लिओचे पूर्ण नाव क्लॅरेन्स लिओनिडास, आणि लिओनिडास हा ढालींच्या भिंतीने खिंड अडवणारा स्पार्टाचा राजा. 'डिफेंड'मधला लॅटिन 'फेंदेरे' म्हणजे प्रहार करणे, आणि तो ज्या मूळ धातूचा त्याचाच संस्कृत 'हन्'. डिफेंड म्हणजे प्रहार दूर लोटणे. 'हन्'वरून आपल्याकडे 'घन' म्हणजे हातोडा, आणि भरताच्या चार वर्गांतला 'घन' हा टाळ-झांजांचा वर्ग. पण मला सर्वांत आवडते ते फारसीतले वळण. याच धातूचे फारसी रूप 'जदन', म्हणजे मारणे, आणि फारसीत वाद्य 'मारतात'. तार वाजवणे म्हणजे 'तार जदन'. त्या हिशेबाने फेंडरच्या नावात वादन मुळातच होते.

१९५० च्या त्या पहिल्या फळीचे नाव काय होते? एस्क्वायर. स्क्वायर कंपनी विकत घेण्याच्या पंधरा वर्षे आधी फेंडरने आपल्या पहिल्या भरीव स्पॅनिश ढंगाच्या गिटारीला ढालाइताचेच नाव दिले होते! नावे सुचवणारा होता फेंडरची विक्री सांभाळणारा डॉन रँडल. त्याच्या मनात मानाची पदवी असावी, ढाल खासच नसावी. या एस्क्वायरला पुढे मोठमोठे हात लागले. यार्डबर्ड्समधल्या जेफ बेकच्या हाती ती होती, आणि पिंक फ्लॉइडच्या सिड बॅरेटने तर आपल्या एस्क्वायरवर आरशासारख्या चकत्या चिकटवल्या होत्या. फोटोत ती खरोखरच चमकणारी ढाल दिसते.

दोन पिकअपवाली तिची बहीण 'ब्रॉडकास्टर'. 'ब्रॉडकास्ट' हा मूळ शेतीतला शब्द आहे. पाभरीने ओळीत पेरणे वेगळे आणि मूठ भरून बी फोकणे वेगळे. फोकण्याला इंग्रजीत ब्रॉडकास्ट म्हणत. रेडिओ आला आणि बियांच्या जागी आवाज फोकला जाऊ लागला. हे नाव फार टिकले नाही. ग्रेच या कंपनीचे ढोल त्याच नावाने विकले जात, आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये तिची हरकत तारेने येऊन थडकली. मग काही महिने फेंडरचे कामगार छापील पट्टीतले 'ब्रॉडकास्टर' कात्रीने कापून टाकत आणि गिटार बिननावाचीच जाई. त्याच वर्षी रँडलने नवे नाव दिले 'टेलिकास्टर', दूरचित्रवाणीच्या नवलाईवरून. ग्रीक 'टेले' म्हणजे दूर. 'टेलिग्राम'ला मराठीने 'तार' म्हटले, त्यामुळे 'टेले' आणि 'तार' आपल्याकडे आधीच एका ठिकाणी आले होते.

१९५४ ची 'स्ट्रॅटोकास्टर' आली ती स्ट्रॅटोस्फिअरवरून, विमाने आणि उंच आकाशाच्या वेडातून. पण 'स्ट्रॅटो' म्हणजे पसरलेला थर. लॅटिन 'स्ट्रातुम', संस्कृत 'स्तृ', त्यातून 'स्तर', 'विस्तार', 'प्रस्तर'. गवताचा 'साथरा' याच घरचा असावा. फारसीने याच धातूचे 'अस्तर' आणि 'बिस्तर' केले आणि दोन्ही आपल्या घरात आले. कोटाचे अस्तर, गुंडाळलेला बिस्तरा आणि स्ट्रॅट ही भावंडे आहेत हे मला नेहमीच सुखावणारे वाटते.

स्क्वायर हे नाव पुन्हा उठले १९८२ मध्ये, आणि उठले ते जपानात. सत्तरच्या दशकात टोकाई, ग्रेको, फर्नांडिस अशा नावांच्या जपानी नकला इतक्या चांगल्या निघू लागल्या की फुलर्टनच्या अस्सल मालापुढे गिऱ्हाईक विचारात पडे. सीबीएसच्या हाताखाली तिथली कारागिरी ढिलावली होती. तेव्हा फेंडरने ठरवले की नकला करणाऱ्यांच्या देशातच आपणही उतरावे. कांदा शोकाई आणि यामानो या जपानी कंपन्यांसह 'फेंडर जपान' उभी राहिली आणि घडवण्याचे काम मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्याकडे गेले. या नावातला 'गेन' म्हणजे वाद्याची तार, आणि हीच धनुष्याचीही दोरी. तिच्या चित्राक्षरात धनुष्याची खूण आजही आहे. संस्कृतात 'गुण' शब्दाचे असेच आहे. दोरा, धनुष्याची दोरी, वाद्याची तार आणि मग अंगचे वैशिष्ट्य. युरोपात पाठवायच्या या गिटारींवर फेंडर हे नाव थेट लावावे का, हा प्रश्न होता. दप्तरात एक जुने, आपल्याच मालकीचे, वापरात नसलेले नाव पडले होते. ते लावले. म्हणजे ढालाईत हा अर्थ कुणी शोधला नाही. तो कपाटात सापडला.

जपानी नमुने कॅलिफोर्नियात पोचले तेव्हा फेंडरच्याच माणसांचे डोळे पाणावले, इतके ते चांगले होते, असे तेव्हा तिथे इलेक्ट्रिक गिटारींचे काम पाहणाऱ्या डॅन स्मिथने पुढे सांगितले आहे. आणि मग १९८५ आले. सीबीएसने फेंडर विकली, बिल शुल्ट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती घेतली. पण त्या व्यवहारात फुलर्टनचा कारखाना नव्हता. कोरोना इथे नवा कारखाना उभा राहून चालू होईपर्यंत फेंडरचा व्यापार बव्हंशी जपानी मालावर तगला. सरदाराजवळ घोडाच नव्हता तेव्हा ढालाइतांनी फौज चालवली. नाव खरे ठरले म्हणतो ते यासाठी.

'बुलेट' या शब्दाने मराठी माणसाला आधी मोटारसायकल आठवते, तिचे नावही १९३० च्या दशकापासूनचे. गिटारीची बुलेट १९८१ ची. फेंडरच्या जॉन पेजने ती विद्यार्थ्यांसाठी आखली, मस्टँगसारख्या जुन्या शिकाऊ मॉडेलांच्या जागी, आणि लवकरच ती स्क्वायरच्या पंक्तीत गेली. फ्रेंच 'बूल' म्हणजे गोळा, त्याचे लहानपण दाखवणारे रूप 'बूलेत', म्हणजे आपली 'गोळा' आणि 'गोळी' हीच जोडी. मागे लॅटिन 'बुल्ला'. हा शब्द फार उद्योगी आहे. मूळ अर्थ बुडबुडा, मग फुगीर, गोल असे काहीही. दरवाजावरचा गोल खिळा, पत्राला लावायची गोल मोहोर. मोहोरेवरून पोपचे आज्ञापत्र 'बुल', त्यावरून इटालियन मार्गे 'बुलेटिन', आणि दुकानदार हातात देतो ते 'बिल'सुद्धा. पण एक अर्थ इथे विशेष लागू पडतो. रोममध्ये स्वतंत्र नागरिकाच्या मुलाच्या गळ्यात जो गोल ताईत असे त्यालाही 'बुल्ला' म्हणत, आणि मुलगा वयात आला की तो उतरवून ठेवत. शिकाऊ वाद्याला शिकाऊ वयाच्या ताइताचे नाव मिळाले.

स्क्वायरच्या बाकीच्या नावांतही असेच काही ना काही हाती लागते. 'अॅफिनिटी' म्हणजे लॅटिनमध्ये सीमेला सीमा लागून असणे, आणि इंग्रजी कायद्यात लग्नाने जुळलेले नाते, आपली सोयरीक. 'सोयरा' स्वतः 'सोदर' म्हणजे एका उदरातला यावरून आला असावा, आणि रक्ताच्या नात्यावरून लग्नाच्या नात्याकडे सरकला असावा. फेंडर आणि स्क्वायर यांचे नाते सोदराचे की सोयऱ्याचे, हा वाजवणाऱ्यांतला जुना वाद या एका शब्दात मावतो. कोर्टनी लव्हसाठी केलेल्या नव्वदच्या दशकातल्या स्क्वायरचे नाव 'व्हीनस', ज्याचा भाऊ संस्कृत 'वनस्' म्हणजे हवेसे वाटणे, आणि 'वनिता' त्याच्या जवळची. २०२३ मध्ये बुलेटची जागा 'सॉनिक'ने घेतली. लॅटिन 'सोनुस', संस्कृत 'स्वन', ज्यावरून आपल्या भाषाशास्त्रात 'स्वनिम' आहे. गिब्सनचे स्वस्तातले घराणे 'एपिफोन' हे एपी स्टाथोपुलो या ग्रीक माणसाच्या नावाचे; त्यातला 'फोने' आणि संस्कृत 'भण्' एका कुळातले मानले जातात, आणि 'भण्'चाच मराठी 'म्हण'. आपल्याकडे गिब्सनच्या नावाशी कान जुळवून 'गिव्हसन' झाले. ब-व यांची अदलाबदल भारतीय भाषांच्या इतिहासात पानोपानी आहे. इथे ती कारखान्याच्या पाटीवर झाली. खुद्द स्क्वायरही १९८९ च्या सुमारास काही काळ भारतात बनत होती, 'स्क्वायर टू' या नावाने. जपाननंतर कोरिया, चीन, इंडोनेशिया असाही तिचा प्रवास झाला.

आता किमतीचे शब्द. संस्कृतात 'अर्घ' म्हणजे मोल. 'महार्घ' म्हणजे मोठ्या मोलाचे, त्याचे मराठीत 'महाग'. 'समर्घ' म्हणजे बेताच्या मोलाचे, त्याचे मराठीत 'सवंग'. नेमकी जोडी, पण 'महाग' जागेवर राहिला आणि 'सवंग' घसरला. सवंग लोकप्रियता, सवंग विनोद. मोल कमी म्हणून प्रत कमी, असा निवाडा शब्दातच बसला. मग रिकाम्या जागी 'स्वस्त' आला. तो 'स्वस्थ'वरून आला असावा, म्हणजे निवांत, आपल्या ठिकाणी असलेला. भाव चढलेले नाहीत, जिवाला घोर नाही. या शब्दात वस्तूच्या प्रतीबद्दल वाईट बोललेले नाही.

इलेक्ट्रिक गिटारीच्या इतिहासात पैशाने लहान वाद्याला सवंग समजण्याची सवय मोठी आहे. तिला उत्तर वाजवणाऱ्यांनीच दिले. कॅनडाचा जेफ हीली बाळपणीच डोळ्यांच्या कर्करोगाने अंध झाला. गिटार मांडीवर आडवी ठेवून, पियानोवर बोटे पडावीत तशी वरून बोटे टाकून तो वाजवी, आणि 'सी द लाइट' या १९८८ च्या ध्वनिमुद्रिकेने तो जगाला कळला तेव्हा त्याच्या मांडीवर काळी जपानी स्क्वायर होती. 'जाझमास्टर' या गिटारीवर उभे आयुष्य काढलेल्या डायनासोर ज्युनिअरच्या जे मॅस्किसच्या नावाची स्क्वायर जाझमास्टर २०११ मध्ये निघाली, आणि महागड्या गिटारी घरात असलेल्या लोकांनीही ती घेतली. जेनेसिसचा माइक रदरफोर्ड, ज्याला हवी ती गिटार हात पुढे केला की मिळाली असती, निरोपाच्या दौऱ्यात मंचावर उभा राहिला तो बुलेट घेऊन. शिकाऊ मुलाच्या गळ्यातला ताईत त्याने सत्तरीत पुन्हा घातला.

म्हणून स्क्वायरला मराठीत सवंग म्हणू नये, स्वस्त म्हणावे. आणि १९८२ च्या त्या पहिल्या जपानी गिटारींना, ज्यांचा क्रमांक 'जेव्ही' या अक्षरांनी सुरू होतो, आता तेही म्हणता येत नाही. संग्राहक त्यांना नव्या बुलेटच्या कित्येक पट किंमत देतात. त्या महार्घ झाल्या आहेत.